पवनचक्की गच्चीवर नको, असं आम्ही का म्हणतो?

शाळा, वाचनालयं आणि ग्रामपंचायतींना आम्ही सौर-पवन प्रात्यक्षिक संच बसवून देतो. त्यानंतर फोन येतो तो बहुतेक एकाच कारणाने: "पॅनल व्यवस्थित आहे, पण चक्की नुसती मान फिरवते, वीज देत नाही." जाऊन पाहावं, तर आम्ही मैदानात उभी केलेली चक्की नंतर कुणीतरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी हलवलेली असते.

टाकी, कठडा, जिन्याची खोली यांवर वारा आपटतो आणि मागे भोवरे होतात. चक्कीचं शेपूट सतत दिशा शोधत राहतं, पात्यांना वेग येत नाही. शिवाय वारा निम्मा झाला की वीज निम्मी नव्हे, आठवा हिस्सा उरते. सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात ४०० वॉट देणारी चक्की ४ मीटरला जेमतेम १५ वॉट देते. पाती कितीही चांगली घेतली तरी हे बदलत नाही.

म्हणून आधी एक करून पाहा. उंच बांबूच्या टोकाला पातळ कापडाची हातभर पट्टी बांधा आणि दुपारी वारा असताना बांबू उभा धरा. पट्टी एकाच दिशेला ताणून फडफडली तर जागा चांगली. बांबूला गुंडाळली, मध्येच लोंबली, उलटी उडाली, तर ती जागा सोडा. येवल्यात पतंग उडवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

नाशकात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा मैदानाची ती बाजू मोकळी हवी. त्याच दिवसांत ढगांमुळे पॅनल मंदावतं. हिवाळ्यात निवांत सकाळी उलटं होतं. दोन्हींचे मीटर शेजारी-शेजारी लावले की मुलांना हे न सांगता कळतं. पॅनल दक्षिणेकडे, साधारण २० अंश कलतं ठेवा. झाडाची सावली कोपऱ्यावरही नको.

जागा पाहिल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. पाहणीचे पैसे घेतो म्हणून काहीजण नाराज होतात, पण ते बिलातून वजा होतात आणि पुढच्या चकरा वाचतात. आमचा खांब बिजागरीचा आहे, दोर सैल करत दोघांनी आडवा करता येतो. पाती मुलांना जवळून बघता येतात.

बॅटरी काढण्याआधी मात्र ब्रेकचं बटण दाबा. बॅटरी काढली की चक्कीवर भार उरत नाही, आणि भार नसलेली चक्की जोराच्या वाऱ्यात आवरत नाही.