कंटेनरमधील डॉटनेट

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या फ्रेमवर्कवर लिहिलेले ॲप कंटेनरमध्येच (बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त चौकटीत) बिल्ड करून, म्हणजे सोर्स कोडपासून चालण्याजोगे बनवून, कंटेनरमध्येच चालवण्याची पद्धत. यासाठी बहुधा डॉकर हे कंटेनर बनवणारे साधन वापरतात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर डॉटनेट बसवलेले नसले तरी काम अडत नाही. कंपायलर, लायब्ररी, रनटाइम हे सगळे इमेजमधून, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या तयार साच्यातून येते.

२००२ सालचे मूळ डॉटनेट फ्रेमवर्क विंडोजला जखडलेले होते. डॉकर मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आले ते लिनक्स कर्नलमधल्या नेमस्पेस (प्रोसेस एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे) आणि सीग्रुप (त्यांच्या मेमरी-सीपीयूला मर्यादा घालणे) या सोयींच्या आधारावर, त्यामुळे दोघांचे जुळण्याचे कारण नव्हते. जून २०१६ मध्ये लिनक्सवरही चालणारे डॉटनेट कोअर १.० आले आणि चित्र बदलले. विंडोज कंटेनरही आहेत, पण त्यांच्या इमेज इतक्या अवजड असतात की जुने ॲप सांभाळायचे नसेल तर त्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही.

बिल्ड करणे आणि चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांच्या इमेजही वेगळ्या. एसडीके इमेजमध्ये कंपायलरसकट सगळी हत्यारे असतात. एएसपी डॉटनेट इमेजमध्ये तयार ॲप चालवण्यापुरतेच सामान असते, म्हणून ती कितीतरी हलकी. २०१७ मध्ये डॉकर १७.०५ ने मल्टी-स्टेज बिल्ड आणले. तेव्हापासून एकाच डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) वर एसडीकेत ॲप पब्लिश करायचे आणि खाली फक्त तयार फाइली छोट्या इमेजमध्ये उचलून घ्यायच्या, ही रीत रुळली. डॉटनेट ७ पासून तर पब्लिश कमांडच थेट इमेज बनवू शकते. डॉकरफाइल लिहावीच लागत नाही.

डॉकरफाइल लिहिली, तर ओळींचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. एका ओळीत काही बदलले की तिथपासून खालचे सगळे लेयर, म्हणजे ओळीगणिक बनणारे इमेजचे थर, नव्याने बनतात. म्हणून आधी फक्त सीएसप्रोज फाइल (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेली) आत घ्यायची, रिस्टोर कमांड चालवून न्यूगेट या डॉटनेटच्या पॅकेज-भांडारातून पॅकेजेस उतरवायची, आणि मगच उरलेला सोर्स कोड कॉपी करायचा. मग कंट्रोलरमधली एखादी ओळ बदलून पुन्हा बिल्ड केले की रिस्टोरच्या पायरीसमोर ‘कॅश्ड’ असे येते आणि मिनिटांचे काम सेकंदांवर येते. क्रम उलटा असेल, तर स्वल्पविराम बदलला तरी सगळी पॅकेजेस पुन्हा उतरतात. डॉकरइग्नोअर फाइलमध्ये (इमेजमध्ये काय घ्यायचे नाही त्याच्या यादीत) बिन आणि ऑब्ज ही आधीच्या बिल्डची फोल्डर टाकणेही तितकेच गरजेचे. नाहीतर विंडोजवरच्या ऑब्जमध्ये नोंदलेले पॅकेजचे पत्ते लिनक्सच्या बिल्डमध्ये शिरतात, आणि येणारी एरर खऱ्या कारणाचा पत्ता लागू देत नाही.

चालवताना पहिला गोंधळ होतो तो पोर्टचा. डॉटनेट ८ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, इमेजचे नेहमीचे पोर्ट ८० ऐवजी ८०८० झाले. व्हर्जन वाढवले आणि बाहेरचे पोर्ट आतल्या पोर्टला जोडणारे मॅपिंग जुनेच राहिले, तर कंटेनर चालू, लॉग स्वच्छ, पण ब्राउझरमध्ये काहीच नाही. हा बदल ॲप रूट या सर्वाधिकारी युजरशिवाय चालवता यावे म्हणून झाला. त्यासाठी इमेजमध्ये ‘ॲप’ नावाचा युजर तयारच असतो. त्याचा क्रमांक १६५४. ‘डॉटनेट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून अक्षरांच्या आस्की किमती (संगणकातले त्यांचे क्रमांक) मिळवल्या की ६५४ येतात, त्यात १००० घातले. प्रोग्रामरांना असली कोडी घालायची हौस असतेच.

मेमरीचा हिशेबही माहीत असलेला बरा. कंटेनरला मर्यादा घातलेली असेल, तर डॉटनेट कोअर ३.० पासून गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) आपला हीप, म्हणजे ॲपच्या डेटाची मेमरी, त्या मर्यादेच्या ७५ टक्क्यांवर थांबवतो. पण थ्रेडचे स्टॅक आणि नेटिव्ह लायब्ररींची मेमरी त्या ७५ टक्क्यांबाहेरची. सगळे मिळून मर्यादा ओलांडली, तर कर्नल प्रोसेस मारून टाकतो आणि एक्झिट कोड १३७ मागे उरतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९.

मराठी ॲपला खरा चटका बसतो तो अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बेतलेल्या इमेजमध्ये. आकार लहान राहावा म्हणून तिच्यातून भाषा-संस्कृतीची माहिती पुरवणारी आयसीयू लायब्ररी वगळलेली असते आणि डॉटनेट ‘इन्व्हेरियंट’ मोडमध्ये, म्हणजे कुठल्याच भाषेचे नियम न पाळता, चालते. अशा इमेजमध्ये मराठी-भारत कल्चर (आकडे, तारखा लिहिण्याचे मराठी नियम) मागितले, तर डॉटनेट ६ पासून सरळ एक्सेप्शन येते. त्याआधीची तऱ्हा जास्त वाईट होती: एरर न देता १२,३४,५६७ च्या जागी १,२३४,५६७ छापले जाई. आयसीयूचे मूळ पॅकेज बसवून इन्व्हेरियंट मोड बंद केला, तरी अल्पाइन ३.१६ पासून त्यात इंग्रजीपुरताच डेटा येतो. मराठीसाठी पूर्ण डेटाचे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. टाइमझोनचा डेटाही नसतो, त्यामुळे ‘एशिया/कोलकाता’ सापडत नाही. घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते, तेव्हा १ तारखेला पहाटे ३ वाजता केलेली नोंद आदल्या दिवशीची, म्हणजे आदल्या महिन्याची ठरते. ‘एक्स्ट्रा’ टॅगच्या इमेजमध्ये हे दोन्ही डेटा असतात. थोडे वजन वाढते, पण मराठी बिल छापणाऱ्या ॲपने ते सोसावे.

खुद्द डॉटनेटची लिनक्स आवृत्तीही कंटेनरमध्येच बिल्ड होते. नव्या सिस्टिमवर बनवलेली बायनरी जुन्या सिस्टिमवर चालेलच असे नाही, म्हणून बिल्डच्या कंटेनरमध्ये कंपायलर नवा आणि सोबतची सिस्टिम लायब्ररी मुद्दाम जुनी ठेवतात. डॉटनेट ८ साठी ती ग्लिबसी (बहुतेक लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२३, म्हणजे उबुंटू १६.०४ मधली. अल्पाइनमध्ये ग्लिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी असल्याने तिच्यासाठी वेगळे बिल्ड काढावे लागते.