नव्या जोडप्याला जागा कुठे?

माझ्या आईवडिलांचं लग्न १९७६ सालचं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं दोघं गिरगावातल्या चाळीत, स्वयंपाकघरात झोपत. दोन खोल्या आणि घरात आठ माणसं. बाहेरच्या खोलीत आजी-आजोबा, दोन काका, एक आत्या आणि शिकायला म्हणून कोकणातून आलेला आजीचा भाचा. मधल्या दाराला कडी नव्हती, नुसता पडदा होता. मोरी स्वयंपाकघरात आणि नळाला पाणी यायचं पहाटे साडेचारला, त्यामुळे पाणी भरायला आजीला आत यावंच लागायचं. ती पडद्याबाहेर उभी राहून आधी दोनदा खोकायची, थोडं थांबायची आणि मग आत यायची. आई हे आजही सांगते, आणि सांगताना तिच्या आवाजात आजीबद्दल मायाच असते.

१९७९ मध्ये ती दोघं ठाण्यात आली. नौपाड्यात वन-रूम-किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईला त्या घरातली सगळ्यात आधी आवडलेली गोष्ट म्हणजे दाराची आतली कडी.

मराठी पडद्यावरच्या प्रेमाचा आणि लग्नाचा इतिहास सांगताना जात, हुंडा, पत्रिका, मानपान यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण ठाण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला या चित्रपटांत आणखी एक पात्र कायम दिसत आलं आहे, ते म्हणजे घर. अगदी चौरस फुटांतलं, भिंतीपार्टिशनांचं घर. प्रेम करणाऱ्या दोघांना घरच्यांची परवानगी हवी असते, आणि त्या घरात चार हात जागाही हवी असते. या दोन मागण्या एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे मराठी सिनेमाला फार लवकर कळलं होतं.

सुरुवात अर्थात त्याआधीची आहे, रंगभूमीवरची. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये आलं. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावू पाहणाऱ्या बापावर आणि समाजावर ते उघड बोट ठेवतं. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणतात, तेव्हा अनेकांना तो या नाटकावरून आला असं वाटतं. तो ओळखला जातो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने.) त्या कायद्याने मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ आणि २१ झालं.

प्रभातचा ‘कुंकू’ आला १९३७ मध्ये. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो केला. नीरा फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या घरात आणली जाते आणि त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. शांता आपट्यांची ती नीरा आजही पाहताना अंगावर काटा येतो. पण मला लक्षात राहतं ते तिचं भांडणाचं ठिकाण. ती पळून जात नाही. त्याच घरात राहते, त्याच छपराखाली आपली वेगळी हद्द आखते आणि ती राखते. प्रेमपटांच्या यादीत ‘कुंकू’ सहसा नसतो. माझ्या यादीत तो पहिला आहे, कारण घराने लादलेल्या लग्नाला नाही म्हणता येतं हे आधी दिसावं लागतं, त्याशिवाय स्वतःच्या पसंतीची गोष्ट सुरूच होत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाची जात बदलली. मुंबईत नोकऱ्या होत्या, माणसं येत होती आणि जागा संपत होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्यातून मोठं संरक्षण मिळालं, पण भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधण्यात कुणाला रस उरला नाही, आणि आहे ती खोली पगडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे मोजून, फिरत राहिली. परिणाम असा की मुलगा लग्नाचा झाला तरी त्याने जायचं कुठे? तो त्याच खोलीत राहिला आणि सून तिथेच आली. ‘एकत्र कुटुंब पद्धती’ म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्यातला बराचसा भाग मुंबईपुरता तरी नाइलाजाचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ याच नाइलाजावर उभा आहे. नवी नवरी सासरी येते, घर माणसांनी भरलेलं, आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. कुणीही खलनायक नाही, सगळी माणसं प्रेमळच. अडचण भिंतींची आहे. बासू चॅटर्जी यांनी पुढे १९७२ मध्ये ‘पिया का घर’ या नावाने तो हिंदीत केला.

‘मुंबईचा जावई’ १९७० सालचा. त्याच वर्षी १७ मार्चला सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, स्थापना झाली. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार बोलका वाटतो. एकीकडे पडद्यावर जोडपं कोपरा शोधतंय आणि दुसरीकडे खाडीपलीकडे अख्खं शहर वसवायला सरकार कंपनी काढतंय. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी या जुळ्या शहराची कल्पना १९६५ मध्येच मांडली होती. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, पण मानखुर्दहून लोकल वाशीला पोचायला १९९२ चा मे उजाडला. मधली जवळपास वीस वर्षं वाशी-नेरुळच्या सिडको घरांत राहायला गेलेली जोडपी बसच्या भरवशावर होती. ‘लांब पडतं’ हे त्या काळात नवी मुंबईला ठेवलेलं नावच झालं होतं. तरी लोक गेले. सासूबाईंना लांब पडेल याचं दुःख आणि लांब पडेल याचाच दिलासा, दोन्ही मनात घेऊन गेले.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली घरं पाहिली की हे जास्त कळतं. प्रत्येक घर आपापल्या छोट्या भूखंडावर, शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, आणि कुटुंब वाढेल तसं घरही वाढवता यावं अशी रचना. सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण. मुलाचं लग्न झालं की वर खोली चढवता येईल, हा विचार आराखड्यातच होता. मराठी सिनेमातल्या कित्येक सुनांचा प्रश्न या एका तरतुदीने सुटला असता.

ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्या ९५ गावांतल्या आगरी-कोळी कुटुंबांची गोष्ट मात्र उलटी झाली. शेतं, मिठागरं गेली, गावठाणाची हद्द तेवढीच राहिली, घरात सुना येत राहिल्या. मग घराला लागून घर, घरावर घर. त्याला इथे शब्दच आहे, ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. ती नियमित व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. या शब्दाच्या पोटात किती लग्नं आहेत याचा विचार करावा. इथली हळद रात्रभर चालते, आणि जुन्या लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी लावायची. लग्न लावण्याचा मान बाईकडे होता. इतकी जिवंत परंपरा ठाणे जिल्ह्यात असताना मराठी प्रेमपटांतलं लग्न मात्र बहुतेक वेळा शहरी मध्यमवर्गाच्या मंगल कार्यालयातच लागलं, याची मला मनापासून खंत आहे.

१९७७ चा हिंदी ‘घरोंदा’ इथे टाळता येणार नाही. नोकरी करणारी दोघं, एकमेकांवर जीव, लग्न अडलंय फक्त जागेसाठी. पै पै साठवून फ्लॅट बुक करतात आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. पुढे त्या प्रेमाचं जे होतं ते बघवत नाही. ओनरशिप फ्लॅटसाठी राज्यात १९६३ पासून कायदा होता, सहकारी गृहनिर्माण सोसायट्या निघत होत्या, आणि ठाण्यात तर नौपाडा, पाचपाखाडीत चारमजली इमारती भराभर उभ्या राहत होत्या. आमच्या इमारतीत सुरुवातीला राहायला आलेली सगळी जोडपी गिरगाव, दादर, परळहून आलेली होती. लग्न आणि जागा या दोन गोष्टी त्यांच्या तोंडी एकाच वाक्यात येत.

ऐंशीच्या दशकात मराठी पडद्यावर हशा जास्त होता. त्यातही ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आठवून बघा. घरमालकिणीला भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत, म्हणून दोन मित्र बायका होतात. आपण पोट धरून हसतो, पण गोष्टीचा खिळा तोच आहे, छप्पर. त्याआधी १९८२ मध्ये जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मधली स्मिता पाटीलची सुलभा घर पुरेसं मोठं आणि सुखवस्तू असूनही बाहेर पडते, कारण तिला काम हवं आहे. जागा मिळाल्यावर पुढचा प्रश्न कोणता, हे त्या चित्रपटाने सांगितलं. आणि १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने सुनेला परत सोसायला बसवलं. आई आणि मावशी तो पाहून डोळे सुजवून घरी आल्या होत्या. मी त्या चित्रपटाशी वाद घालते, पण त्या दोघींच्या रडण्याशी घालत नाही. त्यांना कुठलं तरी खरं दुःख तिथे मोकळं करता आलं.

खरा बदल दिसला २०१० मध्ये, सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त. मुलगी मुलगा बघायला पुण्याला येते, नकार द्यायचं ठरवूनच येते, आणि एका अनोळखी तरुणाबरोबर दिवसभर शहर फिरते. तो तरुण म्हणजे तोच मुलगा. बघण्याचा कार्यक्रम बैठकीच्या खोलीतून रस्त्यावर आला. कांदेपोह्यांची बशी नाही, सतरंजीवर ओळीने बसलेले काका नाहीत. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्यानंतर घरच्यांना सांगितलं, ‘आधी आम्ही दोघंच भेटतो.’ ठाण्यात तलावपाळीचा कट्टा आणि उपवन तलावाचा काठ अशा भेटींसाठी होताच. तिथे आजही संध्याकाळी जोडपी बसलेली असतात, आणि त्यांच्याकडे नाक मुरडणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं असतं, घरात बोलायला जागा आहे का त्यांना?

समीर विद्वांस यांच्या ‘डबल सीट’ने (२०१५) चाळीतलं जोडपं पुन्हा समोर आणलं. सासू-सासरे चांगले, नवरा चांगला, खोली एकच, आणि दोघांचं स्वतःच्या घराचं स्वप्न. मी तो आईबरोबर ठाण्यातच पाहिला. मध्यंतरात मी काही बोलायला गेले तर तिने माझा हात दाबला आणि पडद्याकडे बघत राहिली. ‘मुंबईचा जावई’पासून पंचेचाळीस वर्षं झाली होती.

मग ‘सैराट’ आला, २९ एप्रिल २०१६. नागराज मंजुळे यांनी जे दाखवलं त्यापुढे चौरस फुटांचा हिशेब लहान वाटतो. परश्या आणि आर्ची हैदराबादला पळतात, झोपडपट्टीत पत्र्याच्या खोलीत संसार मांडतात, हळूहळू सावरतात. घर उभं राहतं, मूल होतं, आणि माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात तेव्हा आर्ची त्यांना चहा देते. त्या दाराला कडी होती. तिने ती विश्वासाने उघडली. मराठी प्रेमपटात घर मिळणं म्हणजे शेवट गोड, हा समज तिथे संपला. जात घराबाहेर ठेवता येत नाही, हे आम्हा शहरातल्यांना ऐकायचं नव्हतं. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं ठाण्यातही पुष्कळ जण म्हणाले. त्यांनी एकदा विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन यावं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. माझ्या मैत्रिणीचं असं लग्न होतं. त्या महिनाभर ती कुणा ओळखीच्याला तो फलक दिसेल या धास्तीत होती. घरचा पत्ता कागदावर लिहिलेला असणं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं.

२०१७ च्या ‘मुरांबा’त आईवडील मुलाच्या तुटलेल्या प्रेमासाठी धडपडतात, तर परेश मोकाशींच्या ‘चि. व चि. सौ. कां.’मध्ये मुलगी लग्नाआधी एकत्र राहून बघण्याची अट घालते. विरोध करणारी थोरली पिढी आता बाजू समजून घेणारी झाली आहे. ‘मुरांबा’तले आईवडील पाहताना मला ते ओळखीचे वाटले. स्वयंपाकघरात संसार सुरू केलेल्यांची मुलं मोठी झाली, आईबाप झाली, आणि त्यांनी आपल्या मुलांना स्वतःची खोली दिली. दाराला आतून कडी असलेल्या घरांत वाढलेल्या मुलांशी आईबाप वेगळ्या आवाजात बोलतात. दार वाजवून आत येण्याची सवय आधी लागते, मत विचारायची मागाहून.

आमची नौपाड्यातली इमारत आता पुनर्विकासाला गेली आहे. नवा नकाशा सोसायटीच्या बैठकीत टेबलावर पसरला होता. बहुतेक जण कार्पेट एरिया आणि पार्किंग बघत होते. आईने चष्मा लावला, आमच्या फ्लॅटच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि आर्किटेक्टकडच्या मुलाला विचारलं, “पाण्याची टाकी कुठे येते? पहाटे कुणाला उठून स्वयंपाकघरात जावं लागणार नाही ना?” तो म्हणाला, “नाही काकू, पाणी चोवीस तास आहे.” आईने मान हलवली आणि दोन्ही बेडरूमची दारं कुठल्या बाजूला उघडतात ते बोटाने पुन्हा एकदा तपासलं.