फौजी असो की ऑर्डनन्स फॅक्टरीवाले, स्पर्शवर हयातीचा दाखला मोबाईलवरून असा द्यायचा

डिफेन्स बजेट म्हटलं की सगळ्यांना तोफा आणि विमानंच दिसतात, पण २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींमधले १.६० लाख कोटींच्या वर नुसते पेन्शनसाठी आहेत. आणि त्यात फक्त फौजी येत नाहीत, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबाझरी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांत आयुष्य घालवलेले कामगार पण येतात. १ ऑक्टोबर २०२१ ला या फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, म्युनिशन्स इंडियाचं हेड ऑफिस पुण्यात आलं, यंत्र इंडियाचं नागपुरात, तेव्हा आमच्या सासऱ्यांना एकच घोर लागला होता की आता पेन्शन कंपनी देणार का आणि कंपनी तोट्यात गेली तर काय. तर तसं काही नाहीये, जुन्या रिटायर लोकांची पेन्शन सरकारच देतं, डिफेन्सच्या बजेटमधूनच. फक्त ती चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो.

हा दाखला द्यायचा कोणी? ज्यांची पेन्शन 'स्पर्श' या डिफेन्स पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलमधून म्हणजे प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन (डिफेन्सचं पेन्शन हिशोब खातं) ऑफिसकडून थेट खात्यात येते त्या सगळ्यांनी, म्हणजे माजी सैनिक, फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधवा, आणि डिफेन्सचे सिव्हिलियन रिटायर. फॅक्टरीत १ जानेवारी २००४ पासून पुढे लागलेले साधारण एनपीएसमध्ये (नव्या पेन्शन योजनेत) आहेत, त्यांचा मामला वेगळा. बहुतेकांना नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, ८० च्या पुढचे १ ऑक्टोबरपासूनच देऊ शकतात, थांबू नका.

कागदं फार नाहीत. आधार कार्ड, आधारला लिंक असलेला चालू मोबाईल, पेन्शनचं बँक खातं आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, पण तो जुना नाही, स्पर्शने दिलेला नवा १२ आकडी. फॅमिली पेन्शन असेल तर आधार आईचं स्वतःचं, वडिलांचं नाही, इथे बरेच जण गडबडतात.

आता प्रोसेस. प्ले स्टोअरवरून 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन अ‍ॅप घ्या, दोन्ही फुकट आहेत. आधी ऑपरेटर म्हणून मुलाने किंवा सुनेने स्वतःचं आधार टाकून चेहरा स्कॅन करायचा, ते एकदाच. मग पेन्शनरचं आधार, मोबाईल, ओटीपी, नाव, पीपीओ, खाते नंबर. पुढे पेन्शन सर्व्हिस की फॅमिली ते निवडायचं, परत नोकरी लागली का, पुनर्विवाह झाला का हे विचारतं, खरं ते भरा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सँक्शनिंग अथॉरिटीत (पेन्शन मंजूर करणारं ऑफिस) आर्मी आणि फॅक्टरीवाल्यांनी डिफेन्सचं पीसीडीए पी अलाहाबाद (नेव्ही आणि एअर फोर्सचा पर्याय तिथे वेगळा असतो) आणि डिस्बर्सिंगमध्ये (पेन्शन देणारं ऑफिस) स्पर्श पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद असं निवडायचं, तिथे बँक निवडू नका. आम्ही पहिल्या वर्षी सवयीने बँक निवडली, दाखला रिजेक्ट झाला आणि पुन्हा सगळं करावं लागलं.

शेवटी चेहरा. सासऱ्यांचा अंगठा मशीनवर कधी लागायचाच नाही, तीस वर्षं लोखंड हाताळून बोटांच्या रेषाच गुळगुळीत झाल्यात, केंद्रावर चार-चार वेळा पुसून दाबून बघायचे आणि तोंड बारीक करून परत यायचे. फेस स्कॅनने तो त्रास संपला. खिडकीसमोर उजेडात बसवा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा, झालं. मेसेजमध्ये प्रमाण आयडी येतो तो लिहून ठेवा आणि दोन-चार दिवसांनी स्पर्शच्या लॉगिनमध्ये दाखला स्वीकारला का ते बघाच, नुसता आयडी आला म्हणजे काम झालं असं नाही.

मोबाईलवर जमत नसेल तर सीएससी सेंटर आहे, नाहीतर पोस्टमनला घरी बोलवता येतं, त्याचं थोडं शुल्क लागतं. आधारवरचं आणि पेन्शनच्या रेकॉर्डमधलं नाव जुळत नसेल तर फौजींनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. तारीख हुकली आणि पेन्शन थांबली तरी घाबरू नका, दाखला दिला की ती परत सुरू होते आणि अडकलेली रक्कम पण मिळते. आणि कोणी फोन करून 'दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा' म्हटलं तर फोन ठेवून द्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगून ठेवा.