स्वॅब प्रवासाला निघतो तेव्हा

नवा फ्लू सापडला की काही दिवसांत त्याची जनुकीय माहिती इंटरनेटवर येते आणि ‘आता लस झालीच’ अशा बातम्या सुरू होतात. हा उतावळेपणा आहे. जगातली बहुतेक फ्लूची लस आजही कोंबडीच्या अंड्यांत वाढते, आणि अंड्याला माहिती नाही, विषाणू लागतो.

त्यासाठी 1952पासून एक जागतिक जाळं राबतंय. देशोदेशीच्या राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्रांतून नमुने अटलांटा, लंडन, मेलबर्न, टोकियो किंवा बीजिंगला जातात. तिहेरी वेष्टन, भोवती कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. बाहेरचा खोका मात्र हवाबंद करायचा नाही, बर्फाचा वायू कोंडून तो फुटतो. कस्टममध्ये खोका अडकला, बर्फ उडून गेला, की नमुना वाया.

खरी गंमत पुढे आहे. रुग्णाकडून आलेला विषाणू अंड्यात सहसा नीट वाढत नाही. म्हणून 10-11 दिवसांचा गर्भ असलेल्या अंड्यात त्याच्यासोबत पीआर8 हा 1934चा, अंड्यांत जोमाने वाढणारा विषाणू टोचतात. फ्लूच्या जनुकसंचाचे 8 सुटे तुकडे असतात. दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची सरमिसळ होते: 2चा आठवा घात, म्हणजे 256 शक्यता. आपल्याला हवी ती जोडणी अशी: पृष्ठभागावरची एचए आणि एनए ही दोन प्रथिनं नव्याची, आतले तुकडे शक्यतो पीआर8चे. पीआर8च्या पृष्ठभागाविरुद्धची प्रतिद्रव्यं घालून नको ते गाळतात. बर्ड फ्लूचा घातक एच5 विषाणू तर गर्भच मारतो. तिथे एचए जनुकातला धोकादायक भाग आधी काढून टाकावा लागतो. एवढं करूनही भरपूर उत्पादन मिळेलच असं नाही. 2009च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पहिल्या बीज-विषाणूंनी, म्हणजे लस बनवायला दिलेल्या अशा जुळवलेल्या विषाणूंनी, हंगामी फ्लूच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी उत्पादन दिलं.

आता नमुना पाठवणाऱ्या देशाचं काय? 2007मध्ये इंडोनेशियाने एच5एन1 या बर्ड फ्लूचे नमुने रोखले. विषाणू आमचा, त्यावर बनलेली लस आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार रास्तच होती. त्यातून 2011मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पिप, म्हणजे फ्लूच्या महासाथीच्या पूर्वतयारीची, चौकट आली. महासाथीची शक्यता असलेला विषाणू घेणाऱ्या लस-कंपनीला संघटनेशी करार करावा लागतो. महासाथीत उत्पादनातला किमान 10 टक्के हिस्सा दान देणं किंवा परवडणाऱ्या दरात राखून ठेवणं हे त्यातले पर्याय.

एक भोक मात्र राहिलं. जनुकीय माहितीवरून एचएचं जनुक प्रयोगशाळेत जुळवता येतं, एमआरएनए लसीला तर अंडंही लागत नाही. नुसती माहिती उतरवून घेणाऱ्या कंपनीला हा करार बंधनकारक नाही, कारण चौकटीतल्या ‘जैविक साहित्या’च्या व्याख्येत स्वॅब येतो, विषाणू येतो, त्याची जनुकीय माहिती येत नाही.