बेसबॉल खरंच कूपर्सटाउनमध्ये जन्मला का?

‘१८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये एका तरुणाने बेसबॉल शोधला’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऑट्सिगो काउंटीच्या या मुख्य गावात बेसबॉलचं मोठं संग्रहालय आहे, त्यामुळे ते पटणं साहजिकच.

तारखा जुळवून पाहा. तो तरुण १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता. कथा पुढे आली १९०५ मध्ये, एका वृद्धाच्या आठवणीतून. म्हणजे ६६ वर्षांनी! आणि सर्वांत भक्कम पुरावा मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा: खिडक्या फुटू नयेत म्हणून नव्या सभागृहापासून ८० यार्डांच्या आत बेसबॉल खेळायला तिथे १७९१ मध्येच बंदी होती. गावाच्या दप्तरात तो नियम आजही वाचता येतो.

कूपर्सटाउनचा खरा आरंभ मला जास्त मोलाचा वाटतो: १७८६ मध्ये, सस्क्वेहाना नदी ऑट्सिगो तलावातून निघते तिथे वसलेली वस्ती.