बाळ गुणी आहे की सुस्त?

डिसेंबरात पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर ऊन यायला साडेआठ वाजतात. भाचीचं बाळ चार दिवसांचं होतं, आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आलेलं. माझी आई, म्हणजे बाळाची पणजी, त्याला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. "जरा पिवळट दिसतंय गं. चार दिवस कोवळं ऊन दाखवलं की उतरेल." बाळाला कुंची, टोपडं, हातमोजे, पायमोजे आणि वरून दोन दुपटी. ऊन लागत होतं ते फक्त नाकाच्या शेंड्याला.

मी हसून तेच म्हणणार होते. तेवढ्यात आई कौतुकाने म्हणाली, "पण भारी गुणी हो. रात्रभर दुधालासुद्धा उठलं नाही."

मग मात्र हसू आलं नाही. चार दिवसांच्या बाळाने दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला हवं. पिवळं बाळ आणि रात्रभर न उठलेलं बाळ, या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. तासाभरात आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे होतो. रक्त तपासलं आणि पुढचे दोन दिवस बाळ निळ्या दिव्याखाली राहिलं.

हा पिवळेपणा येतो कुठून? पोटात असताना बाळाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मल्यावर फुप्फुसं सुरू होतात आणि एवढ्या पेशींची गरज राहत नाही. त्यात बाळाची तांबडी पेशी जगते जेमतेम ७० ते ९० दिवस, मोठ्यांची १२०. या पेशी मोडल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. नऊ महिने ते वारेतून आईकडे जात होतं आणि आईचं यकृत त्याची वाट लावत होतं. नाळ कापली की हे काम बाळाच्या स्वतःच्या यकृतावर येऊन पडतं, आणि ते अजून शिकाऊ असतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या १०० बाळांतली साधारण ६० बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सुमारे ८०. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापासून सुरू होऊन, पाचव्या दिवसापर्यंत वाढून, दोन आठवड्यांत बहुतेकांचं आपोआप उतरतं.

यकृताने हाताळलेलं बिलिरुबिन शीवाटे बाहेर पडतं. दूध कमी गेलं तर शी कमी होते आणि आतड्यात आलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. पातळी वाढली की बाळ सुस्तावतं, सुस्तावलं की आणखी कमी पितं. आमच्या घरी "गुणी" म्हणून कौतुक चाललं होतं ते याच चक्राचं. पातळी फारच चढली तर बिलिरुबिन मेंदूत शिरतं, आणि ऐकू न येण्यापासून हातापायांच्या कायमच्या ताठरपणापर्यंत इजा होऊ शकते. ती टाळता येते, हे जास्त महत्त्वाचं.

उन्हाबद्दल आई अगदीच चूक नव्हती, हे मला मान्य केलं पाहिजे. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची जबाबदारी जीन वॉर्ड नावाच्या परिचारिकेकडे होती. बाळांना अंगणात उन्हात नेण्याची तिला सवय. एकदा तिने डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं: सगळं अंग फिकट, फक्त एक तिकोनी पट्टा गर्द पिवळा. तिथे चादरीचं टोक आलं होतं, ऊन लागलं नव्हतं. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन घटलेलं आढळलं, आणि १९५८ मध्ये तिथल्या क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशोपचाराचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो आणि यकृताची मदत न घेता शी-शूवाटे निघून जातो.

मग गच्चीवरचं ऊन का नको? कारण दिव्याखाली बाळ लंगोटापुरतं, डोळे झाकून, तासन्‌तास असतं. प्रकाश मोजलेला, खोली उबदार. नाशिकच्या डिसेंबरात गच्चीवर बाळाला तेवढं उघडं ठेवलं तर ते गारठेल, एप्रिलमध्ये ठेवलं तर भाजेल. आणि कुंची घालून दहा मिनिटं ठेवलं तर काहीच होणार नाही. खरा तोटा वेगळाच आहे. ऊन दाखवतोय या समाधानात तपासणीचे दोन दिवस निघून जातात.

ग्लुकोजचं पाणी पाजून कावीळ धुऊन निघत नाही. उलट पोट भरतं आणि दूध कमी जातं. बाळंतिणीने हळद-तेल सोडण्याचाही बाळाच्या काविळीशी काही संबंध नाही. तिचे डिंकाचे लाडू तिला खाऊ द्या. थांबायचं नाही ते अशा वेळी: पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ नीट पिईना, किंवा आईचा रक्तगट ओ अथवा निगेटिव्ह आहे आणि पिवळेपणा भराभर वाढतोय. बाळाला खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात पाहावं, कपाळावर, छातीवर, पायावर बोट हलकं दाबून सोडावं आणि खालचा रंग बघावा. ट्यूबलाइटखाली फसायला होतं. कावीळ दोन आठवड्यांपुढे रेंगाळली आणि शी पांढुरकी, खडूसारखी दिसली, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते, म्हणून लंगोटातला रंग रोज पाहायचा.

आता थंडी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, शहरातही पहाटे हात आखडतात. मोठ्यांना कुडकुडून ऊब मिळवता येते, नवजात बाळाला नीट कुडकुडताच येत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी, डोकं मोठं, म्हणून उष्णता झपाट्याने जाते. त्याच्याकडे दोन खांद्यांमध्ये आणि मूत्रपिंडाभोवती तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो. तो जाळून ते ऊब धरतं. पण त्यात साखर आणि ऑक्सिजन खर्ची पडतो. अशा वेळी ते रडत नाही. शक्ती वाचवत गप्प पडून राहतं.

यासाठी थर्मामीटर हाताशी नसला तरी चालतं. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय पाहायचे. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झुंजतंय. दोन्ही गार असतील तर लगेच अंगाशी धरायचं आणि दवाखाना गाठायचा. अंगाशी म्हणजे खरोखरच त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरूण घेऊन. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या कमी पडत होत्या तेव्हा एडगार रे या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर त्याला कांगारू पद्धत म्हणतात. वडिलांच्या छातीलाही तीच ऊब असते. आमच्या जावईबापूंनी आधी लाजून, मग हक्काने ती दिली.

शेगडी मात्र खोलीबाहेरच बरी. बंद खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि ओवा-वेखंडाची धुरी म्हणजे नव्या फुप्फुसांत धूर. मालिशवाल्या मावशींशी माझं भांडण नाही. हलक्या हाताची मालिश बाळाला आवडते आणि मलाही बघायला आवडते. पण नाका-कानात तेल नको. तेल नाकातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. बाळाची छाती दाबून "दूध" काढायचं तर अजिबात नको. आईच्या संप्रेरकांमुळे आलेली ती सूज आपोआप जाते, दाबली तर पू होतो.

गुटीचं काय, हा प्रश्न आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात आला, कारण तेव्हा संध्याकाळचं रडणं सुरू झालं. दिवेलागणीला सुरू, रात्री नऊला बंद. दूध भरपूर, वजन वाढतंय, तरी रडतंय. हे सहसा सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाने बाळ गुंगतं, आणि घराला वाटतं पोट दुखायचं थांबलं. त्यात सहाणेचं पाणी किती स्वच्छ, हा वेगळाच मुद्दा. मध तर वर्षभर चाटवू नये. त्यातले जिवाणू बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मे महिन्यातसुद्धा वरचं पाणी नाही. दिवसाकाठी सहा-सात वेळा लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय.

रडणाऱ्या बाळापेक्षा गप्प बाळाकडे धावायला आपल्याला शिकवलं ते गडचिरोलीने. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच तपासणी शिकवली. पिणं बंद होणं, क्षीण रडणं, अंग लुळं पडणं, गार किंवा तापलेलं अंग. १९९९ च्या त्यांच्या निबंधात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं आहे. सुरगाण्याच्या पाड्यावर असो की सिडकोतल्या फ्लॅटमध्ये, आशाताई घरी येऊन बाळ पाहतात त्या भेटींचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

आमच्याकडे चौदाव्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी आईला श्वास मोजायला बसवलं. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. ६० किंवा जास्त आली तर पुन्हा मोजायची, तरी तेवढीच आली तर दवाखाना. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत ४४ मोजले. मधेच बाळ झोपेत गालात हसलं.

"सटवाई हसवतेय," आई म्हणाली, आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

काजळावरून मात्र दोन दिवस वाद झाला. बाजारातल्या काही काजळांत शिसं सापडलेलं आहे, घरच्या काजळाने डोळ्याला जंतुसंसर्ग होतो, हे सगळं मी सांगून झालं. शेवटी तीट लागली, पण उजव्या पायाच्या तळव्याला. दृष्ट काढताना आई आता आधी तो तळवा हाताच्या मागच्या बाजूने लावून बघते, गार आहे का ते.