शीड आखूड करणे
वारा वाढू लागला की होडीचे शीड काही प्रमाणात खाली घेऊन, गुंडाळून किंवा त्याजागी लहान शीड चढवून त्याचे क्षेत्र कमी करतात. या क्रियेस शीड आखूड करणे म्हणतात. नौकानयन शिकणाऱ्यांमध्ये ‘रीफ घेणे’ असाही शब्दप्रयोग आहे. एक-दोघांच्या लहान होडीत खाली जड कण्याचे वजन नसते. तिला सरळ ठेवणारा भार माणसांच्या शरीराचाच असतो, आणि त्यामुळे हे कौशल्य तेथे मोठ्या नौकेपेक्षाही लवकर उपयोगी पडते.

शिडावरील वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा 10 नॉटवरून, म्हणजे ताशी सुमारे 18.5 किमीवरून, 20 नॉटवर गेला तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. शीड आखूड केल्याने हा जोर कमी होतो आणि तो ज्या उंचीवर लागतो ती उंचीही खाली येते, त्यामुळे होडी कलती करणारी ओढ दोन्ही अंगांनी घटते. पूर्ण शीड ठेवल्याने वेग टिकतो ही समजूत बहुधा चुकीची ठरते. फार कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे वळू पाहते. तिला मार्गावर ठेवण्यासाठी सुकाणू सतत ओढून धरावे लागते आणि तेच पाण्यात अडसर बनते, शिवाय तळातील फळी तिरपी झाल्याने होडी बाजूला घसरत राहते.

शीड केव्हा आखूड करावे, हा या विषयातील खरा कठीण प्रश्न आहे, कारण होडीत जाणवणारा वारा प्रत्यक्ष वाऱ्याहून वेगळा असतो. 15 नॉट वाऱ्यात पाठवाऱ्याने 5 नॉट वेगाने जाणाऱ्याला केवळ 10 नॉट वारा जाणवतो. तोच परत फिरून वाऱ्याकडे तोंड करून निघाला की जाणवणारा वारा 20 नॉटच्या जवळ जातो. कोल्हापूरच्या रंकाळ्याचे उदाहरण घेतल्यास, पावसाळी पश्चिमवाऱ्यात पश्चिमेकडून पूर्वेच्या पद्माराजे उद्यानाच्या दिशेने येणारी होडी सुखाने येते, आणि अडचण परतताना कळते. पूर्व काठावरून निघणाऱ्याला मात्र वाऱ्याचे खरे बळ पहिल्याच पल्ल्यात समजते. अर्थात पूर्व काठाशी लाटाही मोठ्या होतात, कारण वाऱ्याला तलावाची सगळी लांबी मिळालेली असते. दगडी बांधकामाजवळ पूर्ण शिडाने जाणे टाळावे. काठावरची झाडी आणि इमारती यांच्या आडोशाला वारा मंद भासतो, तेव्हा तेथून पाहून निर्णय घेऊ नये. मोकळ्या पाण्यावर पांढरा फेस वारंवार दिसू लागला की वारा साधारण 11 ते 16 नॉट असतो, आणि नवशिक्यासाठी हीच वेळ योग्य होय. शंका आल्यास शीड काठावरच आखूड करून निघावे.

एप्रिल-मेमधील वळवाचा वारा याहून वेगळा असतो. ढगांच्या गडगडाटासोबत येणारा हा झोत मिनिटभरात 16 नॉटने वाढून 22 नॉटच्या पुढे जाऊ शकतो आणि दिशाही बदलतो. अशा वेळी रीफ घेत बसण्यात अर्थ नाही. आभाळ भरून येताच काठ गाठावा. तेवढा अवधी नसेल तर शीड पूर्ण उतरवून होडीतच बसून राहावे.

पाण्यावर शीड आखूड करताना होडी वाऱ्याच्या तोंडाजवळ आणून शिडाची दोरी सैल सोडतात. मग शीड चढवणारा दोर थोडा उतरवून शिडाच्या कापडात बसवलेले डोलकाठीजवळचे कडे (वलय) आकड्यात अडकवतात, तो दोर पुन्हा ताणतात आणि शेवटी शिडाच्या मागच्या काठाचे कडे आडव्या काठीवर, म्हणजे बूमवर, घट्ट ओढून बांधतात. या दोन कड्यांच्या मधल्या लहान दोऱ्या केवळ सुटे कापड आवरण्यासाठी असतात. त्या आवळून बांधल्यास भार तेथे येतो आणि कापड फाटते. पुढचे लहान शीड असल्यास तेही लहान करावे किंवा उतरवावे, अन्यथा तोल बिघडतो.

सर्व होड्यांची रचना सारखी नसते. लेझर या एकट्याने चालवायच्या होडीत शिडाची बाही डोलकाठीवर चढवलेली असल्याने डोलकाठी फिरवून एक-दोन वेढे घेता येतात. शिवाय तिच्यासाठी 4.7, 5.76 आणि 7.06 चौ. मी. अशी तीन शिडे मिळतात. मुलांच्या ऑप्टिमिस्ट या लहान होडीत शीड ताणून धरणारी तिरपी काठी काढली की वरचा कोपरा दुमडतो आणि जोर लगेच उतरतो. कोकणातील तिरक्या शिडाच्या गलबतांवर जोराच्या वाऱ्यासाठी लहान शीड चढवण्याची रीत होती.

वारा पडल्यावर शीड पुन्हा मोठे करताना क्रम उलटा असतो: आधी मधल्या दोऱ्या, मग मागचे कडे, शेवटी डोलकाठीजवळचे कडे सोडून शीड वर ओढावे.